गेमिंग पीसीसाठी मदरबोर्ड: पुणेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टिळक रोडवरून कोटेशन घेऊन आलेल्या कोणाचाही कागद बघा. ग्राफिक्स कार्डाच्या ओळीवर तीनदा खाडाखोड असते, प्रोसेसरच्या ओळीवर एकदा तरी असतेच. मदरबोर्डाच्या, म्हणजे प्रोसेसर, रॅम, कार्ड असं सगळं ज्यावर बसतं त्या मुख्य सर्किट बोर्डाच्या, ओळीत मात्र दुकानदाराने लिहिलं ते शेवटपर्यंत टिकतं, कारण तिथे काय विचारायचं हेच ठाऊक नसतं. ही प्रश्नोत्तरं त्या एका ओळीसाठी आहेत. विचारणारे सगळ्या प्रकारचे: हॉस्टेलवर राहणारी मुलं, हिंजवडीहून रात्री परतल्यावर दोन तास खेळणारे, आणि मुलाच्या हट्टापुढे हात टेकलेले वडील.

महाग मदरबोर्ड घेतला तर गेममध्ये एफपीएस (दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स) वाढतात का?

नाही. प्रोसेसर, रॅम आणि कार्ड तेच ठेवून बारा हजारांच्या बोर्डावरून चाळीस हजारांच्या बोर्डावर गेलात, तर फ्रेम्समधला फरक मोजायला बसलं तरी हाती लागत नाही. बोर्ड वेग देत नसतो, पण वाईट बोर्ड वेग अडवू शकतो. अडवण्याच्या जागा तीन. प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग तापून हात आखडता घेतो, ग्राफिक्स कार्डाला पुरेशा लेन (डेटा येण्याजाण्याचे मार्ग) मिळत नाहीत, किंवा रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालत नाही. या तिन्ही सुटल्या की पुढचा प्रत्येक रुपया दिव्यांचा, जादा पोर्टांचा आणि नावाचा. तो ग्राफिक्स कार्डात घाला. माझा ढोबळ हिशोब असा की ऐंशी-नव्वद हजारांच्या पीसीत बोर्डाला एकूण रकमेच्या सातव्या-आठव्या भागापेक्षा जास्त वाटा देऊ नये.

आधी बोर्ड ठरवायचा की प्रोसेसर?

आधी मॉनिटर. १०८० पीवर खेळणार की १४४० पीवर, त्यावरून कार्ड ठरतं, कार्डावरून प्रोसेसर, प्रोसेसरवरून बोर्ड. दुकानात बरेचदा उलटं होतं: शिल्लक पडलेल्या बोर्डाचा कॉम्बो पुढे सरकवला जातो आणि मग त्यात बसेल असा प्रोसेसर शोधला जातो.

एएम४, एएम५, एलजीए १७००, एलजीए १८५१. यातलं कोणतं सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसण्याची जागा) घ्यावं?

नवा पीसी शून्यापासून बांधत असाल आणि चार-पाच वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलून पुढे जाण्याचा विचार असेल, तर एएम५. हे सॉकेट २०२२मध्ये आलं आणि २०२७पर्यंत व त्यापुढेही त्याला साथ देऊ, असं एएमडीने जाहीर केलं आहे. कंपन्यांच्या घोषणांवर मी सहसा विसंबत नाही, पण इथे मागचा इतिहास बोलतो. २०१७मध्ये घेतलेल्या एएम४च्या कित्येक बोर्डांवर नुसता बायोस (बोर्ड सुरू करणारं त्याच्यातलं सॉफ्टवेअर) अपडेट करून २०२२चा रायझन ७ ५८००एक्स३डी बसला. पाच वर्षांचं अंतर एकाच बोर्डाने भरून काढलं.

इंटेलची रीत वेगळी. एलजीए १२०० आलं २०२०च्या मे महिन्यात, आणि २०२१च्या नोव्हेंबरात एलजीए १७०० आलं. दीड वर्षात सॉकेट बदललं. एलजीए १७००वर बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर चालतात, त्यापुढे वाट बंद. २०२४च्या ऑक्टोबरात कोअर अल्ट्रा २०० मालिकेसोबत एलजीए १८५१ आलं. गेमिंगसाठी त्याची मला घाई वाटत नाही. त्या मालिकेतले प्रोसेसर गेममध्ये चौदाव्या पिढीला सरसकट मागे टाकू शकले नाहीत.

मग इंटेल घ्यायचंच नाही का? घ्या की. आय५-१२४००एफसारखा प्रोसेसर स्वस्तात मिळत असेल आणि पाच वर्षं काहीही न बदलता वापरून मग अख्खा पीसी विकायचा असेल, तर सॉकेटला भविष्य आहे की नाही याची चिंता कशाला? बहुतेक जण असंच वागतात. प्रोसेसर बदलण्याची स्वप्नं सगळ्यांना पडतात, प्रत्यक्षात बदलणारे मोजकेच.

एएम४ आता दोनच कारणांनी घ्यावं: बजेट फार आवळलेलं आहे, किंवा घरात चांगली डीडीआर४ (आधीच्या पिढीची) रॅम पडून आहे.

डीडीआर४ की डीडीआर५?

एएम५ आणि एलजीए १८५१वर हा प्रश्नच येत नाही, तिथे डीडीआर५च लागते. एएम४वर डीडीआर४. घोळ होतो तो एलजीए १७००वर, कारण तिथे एकाच नावाचा बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतो. नावाच्या शेवटी 'डी४' असेल तर बहुधा डीडीआर४चा. दोन्हींच्या खाचा वेगळ्या जागी असतात, त्यामुळे एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. कोटेशनवर हा शब्द स्पष्ट लिहून घ्या.

२०२५च्या अखेरीपासून हा प्रश्न पूर्वीसारखा सोपा राहिलेला नाही. मेमरी चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी आपला माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळवला आणि रॅमचे भाव भडकले. आधी मी डोळे मिटून डीडीआर५ सांगायचो. आता विचारतो, घरात डीडीआर४च्या आठ-आठ जीबीच्या दोन काड्या आहेत का? असतील, तर बी५५० बोर्डावर रायझन ५ ५६०० घ्या आणि रॅमचे वाचलेले पैसे कार्डात टाका. अगदी नव्याने घेत असाल तर मात्र महाग पडली तरी डीडीआर५ घ्या. एएम५वर ६०००च्या वेगाची रॅम सगळ्यात सोयीची. पाकिटावर ६००० लिहिलं म्हणून ती आपोआप त्या वेगाने धावत नाही. बायोसमध्ये जाऊन एक्स्पो, इंटेलवर एक्सएमपी, ही सेटिंग चालू करावी लागते. वर्ष-वर्ष ४८००वर चालणाऱ्या रॅम मी लोकांच्या पीसीत बघितल्या आहेत.

आणि चार स्लॉट दिसले म्हणून चार काड्या भरू नका. रायझन ७०००साठी एएमडीने दोन काड्यांना ५२००चा अधिकृत वेग दिला आहे, चार काड्यांना ३६००चा. गेमिंगला दोनच काड्या, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये.

चिपसेटच्या (बोर्डावरचे पोर्ट आणि स्लॉट सांभाळणाऱ्या चिपच्या) अक्षरांचा अर्थ काय? बी६५०, एक्स८७०, बी७६०, झेड७९०…

एएमडीकडे ए, बी आणि एक्स. इंटेलकडे एच, बी आणि झेड. साधारण चढत्या क्रमाने. गेमिंगवाल्याचा मुक्काम मधल्या 'बी'वर असतो आणि दहातल्या आठ जणांनी तिथेच थांबावं.

इंटेलच्या एच६१०वर एक्सएमपी लावून रॅमचा वेग वाढवता येत नाही आणि रॅमचे स्लॉट दोनच असतात. आय३ किंवा आय५-१२४००एफ आणि मध्यम कार्ड असेल तर तो चालून जातो, पण बी७६०शी भावाचा फरक दोन-अडीच हजारांचा असेल तर बी७६० घ्या. झेड बोर्डाचा खरा उपयोग नावात 'के' असलेल्या प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्याहून जास्त वेगाने चालवणं) करायला. १२४००एफ आणि झेड७९० हा कॉम्बो कोणी गळ्यात मारत असेल तर नमस्कार करून बाहेर पडा.

एएमडीकडे बी६५०वरही ओव्हरक्लॉकिंग चालतं, म्हणून एक्सची गरज आणखी कमी. ए६२०वर ते चालत नाही, आणि काही ए६२० बोर्ड ६५ वॉटच्या प्रोसेसरपुरतेच बनवलेले असतात. आता गंमत ऐका: एक्स८७० हे नाव भारदस्त, पण त्याच्या पोटातली चिप बी६५०चीच आहे. फरक इतकाच की एक्स८७० बोर्डावर यूएसबी४ द्यावंच लागतं आणि कार्डाचा स्लॉट पीसीआयई ५.०चा (कार्ड जोडण्याच्या मार्गाच्या नव्या पिढीचा) असतो. मोठ्या एक्स८७०ईवर तीच चिप दोनदा बसवलेली असते. बी६५०, बी८५० आणि एक्स८७० यांत गोंधळ उडाला तर अक्षर सोडून द्या, आणि तेवढ्याच पैशात व्हीआरएम (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) कोणाचा चांगला आहे ते बघा.

व्हीआरएम म्हणजे काय? दुकानदार म्हणतो, 'सगळ्यांचा सारखाच असतो.'

सारखा नसतो. बोर्डाचे पैसे जिथे खरोखर दिसतात अशी जागा हीच आहे.

एसएमपीएसमधून, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, बोर्डाला १२ व्होल्ट मिळतात. प्रोसेसरला लागतो साधारण एक-सव्वा व्होल्ट, पण अँपिअर भरपूर. हा बदल करणारा भाग म्हणजे व्हीआरएम: सॉकेटच्या डावीकडे आणि वर दिसणाऱ्या चौकोनी कॉइलची रांग, आणि तिच्या शेजारी हीटसिंकखाली (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याखाली) दडलेले मॉसफेट, म्हणजे वीज चालू-बंद करणाऱ्या चिपा. इथे वीज वाया जाते ती उष्णता म्हणून बाहेर पडते. मॉसफेट फार तापले की बोर्ड स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग खाली आणतो. गेम पहिली वीस मिनिटं मस्त चालतो, मग अडखळायला लागतो, आणि आपण ग्राफिक्स कार्डाला शिव्या घालत बसतो.

किती ताकद लागेल ते प्रोसेसरवर ठरतं. खोक्यावर ६५ वॉट लिहिलेला रायझन ५ ७६०० सॉकेटमधून ८८ वॉटपर्यंत घेतो. १२० वॉटच्या ७८००एक्स३डीची मर्यादा १६२ आहे, पण गेममध्ये तो तिच्या जवळपासही जात नाही. १७० वॉट लिहिलेले रायझन ९ मात्र २३०पर्यंत जातात आणि आय९-१४९००के २५३पर्यंत. म्हणजे ७६००वाल्याला साधा, पण हीटसिंक असलेला बी६५० पुरतो, एक्स३डीवाल्याला मध्यम बोर्ड बास होतो, आणि आय९वाल्याने इथे कंजुषी केली तर ती महागात पडते.

पुण्याचा उन्हाळा यात धरा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. गच्चीखालच्या मजल्यावरच्या खोलीत संध्याकाळी सातलाही स्लॅब तापलेलाच असतो, आणि आपण नेमके तेव्हाच खेळायला बसतो. अशा खोलीत व्हीआरएमवर उघडी चिप असलेला, हीटसिंक नसलेला बोर्ड मी कोणालाच सुचवणार नाही, प्रोसेसर कितीही साधा असो. पुढून काच लावून बंद केलेलं कॅबिनेटही नको. जाळी असलेलं घ्या, धूळ आली तरी चालेल, ती पुसता येते.

आणखी एक बारीक गोष्ट. प्रोसेसरच्या साध्या पंख्याचा थोडा वारा व्हीआरएमवर आपोआप जातो. पाण्याचा कूलर लावला की तो वारा बंद होतो. हौसेने असा पाण्याचा कूलर (एआयओ) लावणार असाल तर कॅबिनेटच्या मागच्या बाजूला बाहेर हवा फेकणारा पंखा हवाच.

'१४ फेज', '१६ फेज' असे आकडे जाहिरातीत मिरवतात, त्यावर भाळू नका. फेज, म्हणजे व्हीआरएममधले वीज वाटून घेणारे भाग, कसे मोजले ते प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने ठरवते. हीटसिंकचा आकार बघा आणि त्या नेमक्या मॉडेलचं व्हीआरएम तापमान मोजलेला एखादा व्हिडिओ शोधा.

पीसीआयई ३.०, ४.०, ५.० याने कार्डाला फरक पडतो का?

मोठ्या कार्डांना जवळपास नाही. मध्यम आणि स्वस्त कार्डांना पडतो, आणि हे ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटतं.

आरटीएक्स ४०६० आणि आरएक्स ७६०० ही कार्डं दिसायला पूर्ण लांबीच्या स्लॉटमध्ये बसतात, पण सोळाऐवजी आठच लेन वापरतात. सिंहगड रोडचे निम्मे पदर बॅरिकेड लावून बंद केले तर जे होतं तेच इथे. ४.०च्या बोर्डावर आठ लेनमध्येही भागतं, कारण प्रत्येक लेनचा वेग जास्त आहे. ३.०च्या बोर्डावर तो वेगही निम्मा होतो. खेळाला कार्डातली ८ जीबी मेमरी कमी पडून डेटा रॅममधून आणावा लागला की झटके बसायला लागतात.

म्हणून एएम४वर बी४५० किंवा ए५२० घेऊन त्यावर असं आठ लेनचं कार्ड लावू नका, बी५५० घ्या. इथेही एक खोच आहे: रायझन ५ ५५०० आणि ५६००जी हे प्रोसेसर स्वतःच ३.०चे आहेत, त्यांना बी५५०वर बसवलं तरी कार्डाला ३.०च मिळतं. ५५०० आणि ५६००मधला हा फरक कोटेशनवर दिसत नाही.

५.०साठी जादा पैसे मोजण्याचं कारण गेमिंगमध्ये मला आज सापडत नाही.

एम.२चे (एसएसडी बसवायचे) स्लॉट किती हवेत?

दोन. एकात विंडोज आणि खेळ, दुसरा पुढे लागेल तेव्हासाठी. आजचे मोठे खेळ शंभर-सव्वाशे जीबी सहज खातात, त्यामुळे दुसरा लागतोच. काही बोर्डांवर दुसरा स्लॉट भरला की साटाचे (हार्ड डिस्क जोडायचे) एक-दोन पोर्ट बंद पडतात. जुन्या हार्ड डिस्कवर लग्नाचे फोटो असतील तर घाबरू नका, डिस्क गेलेली नसते, वायर दुसऱ्या पोर्टला लावा. कोणता पोर्ट बंद होतो ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं आणि मॅन्युअल कंपनीच्या साइटवर फुकट मिळतं. बोर्ड घेण्याआधी ते वाचायला काहीच हरकत नसते.

एटीएक्स घ्यावा की मायक्रो एटीएक्स?

मायक्रो. २४४ बाय २४४ मिलिमीटरच्या बोर्डात एक कार्ड, दोन एसएसडी आणि चार रॅम मावतात. ३०५ मिलिमीटर उंचीचा एटीएक्स दिसायला छान, पण जादा स्लॉट रिकामेच राहतात. मिनी आयटीएक्स महाग असतो आणि गरमही होतो. ज्याला तो खरंच हवा आहे तो हे पान वाचत नसेल.

वायफायवाला बोर्ड घ्यावा का?

लॅनची वायर टेबलापर्यंत नेता येत असेल तर नको. पेठेतल्या जुन्या बांधकामात दीड फुटी भिंती असतात. राउटर हॉलमध्ये आणि पीसी मागच्या खोलीत, अशा ठिकाणी बोर्डावरचं वायफायही रडतं. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडायची सोय नसेल तर घ्या. ब्लूटूथ सोबत येतं, कंट्रोलर जोडायला बरं पडतं. २.५ जीबीपीएसचा लॅन पोर्ट जाहिरातीत मोठा करून सांगतात, पण घरचं कनेक्शन १०० किंवा २०० एमबीपीएसचं असताना साधा १ जीबीपीएसचा पोर्टही अर्धाअधिक रिकामाच असतो.

दुकानदार म्हणतो, 'या बोर्डाला बायोस अपडेट लागेल.' म्हणजे काय?

बोर्ड आधी आला आणि प्रोसेसर नंतर. २०२२-२३मध्ये बनलेल्या बी६५०ला रायझन ९००० ओळखू येत नाही, तसंच इंटेलच्या जुन्या बी६६०ला चौदावी पिढी. दुकानदाराकडून अपडेट करूनच घ्या, त्याच्याकडे आधीचा प्रोसेसर असतो. दुसरा उपाय म्हणजे मागच्या बाजूला फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड. त्यात प्रोसेसर आणि रॅम नसतानाही पेनड्राइव्हवरून अपडेट होतं. दोन बोर्डांत अडकला असाल तर हे बटण ज्यावर आहे तो उचला.

'चालतंय ना, मग बायोसला हात लावू नका' हा सल्ला जुना झाला. २०२३मध्ये काही बोर्ड रायझन ७०००एक्स३डीला जास्त व्होल्टेज देत होते आणि प्रोसेसर जळाले. एएमडीने ती मर्यादा १.३ व्होल्टवर आणली ती बायोसमधूनच. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले प्रोसेसर अस्थिर होत होते, त्यावरचा उपाय २०२४च्या ऑगस्टपासून बायोसमधूनच आला. या पिढ्यांचा बोर्ड घेतला तर खेळ टाकायच्या आधी बायोस ताजा करा. अपडेट यूपीएसवर करा आणि गुरुवार सोडून करा. महावितरणची देखभालीची कामं आपल्याकडे बहुधा त्याच दिवशी निघतात.

ऑनलाइन झिऑनचा स्वस्त कॉम्बो दिसतो. बोर्ड, प्रोसेसर, १६ जीबी रॅम, सगळं मिळून काही हजारांत. घेऊ का?

मोह पडण्यासारखाच असतो. झिऑन हे इंटेलचे सर्व्हरसाठीचे प्रोसेसर, डेटा सेंटरमधून काढलेले असतात, दहा-बारा वर्षांपूर्वीचे. कोअर भरपूर, पण प्रत्येक कोअर हळू, आणि खेळांना नेमका कोअरचा वेग लागतो. बोर्ड अनोळखी नावाचे, चिपसेट कधी कधी जुन्या बोर्डांवरून काढून लावलेला, बायोसला कोणी वाली नाही. बिल मिळालं तरी वॉरंटी दुकानदाराच्या मूडवर. एच६१चे 'नवे कोरे' बोर्डही यातलेच. तो चिपसेट २०११चा आहे आणि त्यावर बसणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही.

तेवढ्याच पैशांत एखाद्या ऑफिसने काढलेला ब्रँडेड डेस्कटॉप मिळतो, तो बरा. त्याचा एसएमपीएस मात्र आधी बघा, मोठं कार्ड त्याला झेपत नाही.

व्हॅलोरंट 'टीपीएम' आणि 'सिक्युअर बूट' मागतो. नवा बोर्ड घ्यावा लागेल का?

गेल्या सहा-सात वर्षांतला बोर्ड असेल तर बहुतेक नाही. या दोन्ही सुरक्षेच्या सोयी त्यात असतात, नुसत्या चालू कराव्या लागतात. इंटेलच्या बोर्डावर बायोसमध्ये पीटीटी, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम शोधा आणि चालू करा. सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद करून सिक्युअर बूट लावा. त्याआधी विंडोजची डिस्क जीपीटी (नव्या पद्धतीच्या मांडणीची) आहे का ते डिस्क मॅनेजमेंटमध्ये बघा. जुनी एमबीआर असेल आणि तुम्ही सीएसएम बंद केलात, तर विंडोज सुरूच होणार नाही. विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी नावाचं साधन आहे, डेटा न पुसता डिस्क बदलून देतं. तरी बॅकअप आधी.

टिळक रोडवर घ्यावा की ऑनलाइन?

भाव दोन्हीकडे विचारा, पण बोर्ड मी हातात घेऊन विकत घेतो. कारण सॉकेट. एएम५च्या सॉकेटमध्ये १७१८ पिना असतात, केसासारख्या बारीक, आणि त्या बोर्डावर असतात, प्रोसेसरवर नाही. एक वाकली तरी वॉरंटी संपली, आणि ती कोणी वाकवली यावर वाद घालून काही हाती लागत नाही. दुकानात खोकं उघडून घ्या, प्लॅस्टिकचं झाकण काढून मोबाइलच्या टॉर्चने तिरपा उजेड टाका, फोटो काढा. दुकानदार वैतागला तर वैतागू द्या. ऑनलाइन घेतलात तर पाकिटाच्या सीलपासून सॉकेटपर्यंत न थांबवता व्हिडिओ करा. ते प्लॅस्टिकचं झाकण कचऱ्यात टाकू नका, वॉरंटीला पाठवताना सॉकेटवर लागतं.

'कच्चं बिल घ्या, १८ टक्के वाचतील' हे वाक्य कानावर पडेलच. चांगल्या कंपन्यांच्या बोर्डावर भारतात साधारण तीन वर्षांची वॉरंटी असते आणि ती सीरियल नंबर व बिलावर चालते. जीएसटी वाचवून तीन वर्षांची वॉरंटी सोडणं हा कसला हिशोब? बिलावर मॉडेल पूर्ण लिहून घ्या, शेवटच्या अक्षरापर्यंत. 'बी६५०एम' एवढ्यावर एकाच कंपनीचे पाच-सहा बोर्ड असतात. शेवटचं एक अक्षर बदललं की हीटसिंक गायब, एम.२चा एक स्लॉट कमी. 'काका, हाच द्या, याच्यासारखा नको' असं सांगायला लाजू नका. आयात केलेला माल असेल तर त्या सीरियल नंबरला भारतात वॉरंटी आहे का, ते कंपनीच्या साइटवर तिथेच उभं राहून तपासा.

वापरलेला बोर्ड घ्यावा का?

बिल आणि वॉरंटी शिल्लक असेल तर जरूर. वॉरंटी संपलेला घ्यायचा तर समोर चालू करून, चारही रॅम स्लॉट आणि दोन-तीन यूएसबी तपासून. जुन्या बाजारात पाटीवर मांडलेले बोर्ड बघायला मजा येते, घ्यायला नको.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. बोर्ड खराब आहे का?

बोर्ड नाही, अर्थिंग. एसएमपीएसमधल्या फिल्टरची बारीकशी गळती अर्थिंगमधून जमिनीत जायला हवी. वाटच नसली की ती कॅबिनेटवर साचते आणि आपल्याला चावते. जुन्या इमारतींत भिंतीत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. इलेक्ट्रिशियनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थ यांतला व्होल्टेज मोजून घ्या. एक-दोन व्होल्ट ठीक, पंचवीस-तीस दिसले तर आधी ते काम. नव्या बोर्डाचे यूएसबी पोर्ट अशा घरात मेलेले मी बघितले आहेत.

यूपीएसबद्दलही इथेच. ६०० व्हीएचा साधा यूपीएस ३६० वॉटच्या आसपास पेलतो. खेळ चालू असताना पीसी त्याहून जास्त ओढत असेल, तर वीज गेल्याक्षणी यूपीएसही मान टाकतो. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी चालवायचा तर तो साइन वेव्हचा आहे का ते बघा आणि बटण 'यूपीएस' मोडवर ठेवा.

पावसाळ्यासाठी एवढंच: मागची आयओ प्लेट (पोर्टांभोवतीचा पत्रा) आणि कार्डाच्या रिकाम्या पट्ट्या लावलेल्याच ठेवा. उबेला पाल येते. हसू नका.

दर अकरा महिन्यांनी खोली बदलावी लागते. बोर्ड निवडताना काही वेगळं बघावं का?

हो, कार्डाचा मुख्य स्लॉट धातूच्या पत्र्याने मजबूत केलेला बघा. कार्डं आता किलोभराची असतात आणि रिक्षातून कर्वेनगरहून वाकडला जाताना प्रत्येक स्पीडब्रेकरला ती स्लॉटला हिसका देतात. खरं तर कार्ड काढून त्याच्या खोक्यात न्यायचं. मोठा टॉवर कूलर असेल तर तोही काढा. एएम४वर तो सरळ वर ओढू नका: थर्मल पेस्ट धरून ठेवते आणि लॉक लागलेलं असतानाच प्रोसेसर पिनांसकट उपसून येतो. आधी पीसी दहा मिनिटं चालवून गरम करा, मग कूलर डावी-उजवीकडे हळू फिरवून सोडवा. सुट्टीत एसटीने सांगली-सोलापूरला नेणाऱ्यांनी कॅबिनेट आडवं ठेवावं, बोर्ड खालच्या बाजूला.

मुलगा इंजिनिअरिंगला आहे. गेमिंगचाच पीसी अभ्यासालाही चालेल ना?

चालेल, काळजी नको. बोर्डात रॅमचे चार स्लॉट बघा, आणि प्रोसेसरच्या नावात 'एफ' नसेल तर बरं. 'एफ'वाल्यात स्वतःचं ग्राफिक्स नसतं, त्यामुळे कार्ड बिघडून दुरुस्तीला गेलं की बोर्डावरचा एचडीएमआय पोर्ट शोभेला उरतो आणि सबमिशनच्या आठवड्यात पीसी बंद.

सगळं जोडलं, पंखे फिरतात, पण स्क्रीन काळी. बोर्ड गेला का?

बहुतेक वेळा नाही. आधी मॉनिटरची वायर बघा, ती बोर्डाच्या पोर्टाला लावली असेल तर काढून ग्राफिक्स कार्डाला लावा. मग प्रोसेसरची आठ पिनांची वायर, बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातली; ही विसरणारे पुष्कळ. शेजारी आणखी चार पिनांची जागा रिकामी राहिली तर साध्या प्रोसेसरला काही होत नाही.

आता बोर्डाच्या कडेला सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड), बूट असे चार बारीक दिवे शोधा. जो लागून राहिला तिथे घोडं अडलंय. डीरॅमचा दिवा असेल आणि बोर्ड एएम५चा असेल तर काहीही करू नका, थांबा. पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅमची पारख करत बसतो, त्याला काही मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ स्क्रीन काळीच राहते. लोक दोन मिनिटांत बटण दाबून बंद करतात आणि पारख पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पंधरा मिनिटांनीही काही नसेल तर एकच काडी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा. तेही जमलं नाही तर वायर काढून बोर्डावरची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी पाच मिनिटं बाहेर ठेवा आणि परत लावा. एवढ्यानेही चालू झाला नाही, तर सॉकेट स्वतः उघडत बसू नका. बिल आणि खोकं घेऊन दुकान गाठा.